कोंबडीची साक्ष

विद्यापीठांना प्राणी नवा नाही. शरीररचनाशास्त्राच्या मेजावर त्याचे शव, शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याचे हृदय आणि मज्जातंतू, कृषिमहाविद्यालयात त्याचे दूध, मांस व अंडी, आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्याचे रोग, अशा वाटणीने त्याचा अभ्यास दीर्घकाळ चालत आला होता. मात्र या चारही ठिकाणी एक प्रश्न कोणी विचारत नव्हते, तो असा की जे जिणे त्या प्राण्याच्या वाट्याला आले आहे ते त्याचे त्याला कसे वाटते. हा प्रश्न कवींचा, धर्मोपदेशकांचा, फार तर दयाळू माणसांच्या संस्थांचा, असे मानले जाई. ब्रिटनमध्ये साधारणपणे १९६४ ते १९९० या पाव शतकात तो विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात दाखल झाला. त्याला तेथवर आणणाऱ्या दोन परंपरा, एक दयेची आणि दुसरी प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाची, परस्परांकडे संशयानेच पाहत होत्या, आणि या विषयाच्या घडणीतले बहुतेक ताण त्या संशयातून आले आहेत.

या इतिहासात दोन संज्ञा वारंवार येतात. पहिली संज्ञा प्राणिवर्तनविज्ञान; प्राणी काय करतो, केव्हा करतो आणि का करतो याचे निरीक्षण व प्रयोग यांद्वारे केलेले अध्ययन, असा तिचा अर्थ. दुसरी संज्ञा पशुकल्याण, आणि ती मराठी वाचकाला थोडी अडचणीत टाकते. मराठीत ‘कल्याण’ हा शब्द मुळातच मंगल आहे, त्यामुळे ‘वाईट कल्याण’ असे म्हणणे वदतोव्याघात ठरतो; या शास्त्रात मात्र कल्याण म्हणजे प्राण्याची त्या त्या वेळची अवस्था, जी अत्यंत वाईटापासून अत्यंत चांगल्यापर्यंत कोठेही असू शकते आणि जिचे मोजमाप शक्य आहे असे गृहीत धरले जाते. आशीर्वादाच्या शब्दाला मोजपट्टी लावण्याचा हा प्रकार कानाला खटकतो खरा, परंतु ज्या इंग्रजी शब्दाच्या जागी तो वापरला जातो त्याचेही विद्यापीठात शिरताना हेच झाले.

दयेची परंपरा आधीची. ब्रिटिश संसदेने १८२२ साली रिचर्ड मार्टिन यांच्या पुढाकाराने गुराढोरांना निर्दयपणे वागवण्यास बंदी करणारा कायदा केला, १८२४ साली लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था स्थापन झाली, आणि १८७६ च्या कायद्याने जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांसाठी परवाना आवश्यक केला. या साऱ्या विचाराच्या केंद्रस्थानी क्रौर्य ही कल्पना होती, आणि क्रौर्य हा माणसाच्या कृतीचा व हेतूचा दोष असतो. गाडीवानाने बैलाला रक्त येईपर्यंत झोडपले तर गुन्हा उघड होता. परंतु ज्याने जनावराला कधी हातही लावला नाही, वेळेवर दाणा-पाणी दिले, मात्र आयुष्यभर वळता येणार नाही एवढ्या जागेत ठेवले, अशा मालकाला क्रूर म्हणावे कसे, याचे उत्तर त्या कायद्यांजवळ नव्हते. ते देण्यासाठी दृष्टी माणसाच्या हातावरून जनावराच्या अवस्थेकडे वळायला हवी होती.

तशी ती वळवण्याचा पहिला मोठा प्रयत्न डार्विनचा. माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावाभिव्यक्तीवरील त्याचा ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याचा तरुण सहकारी जॉर्ज रोमेन्स याने १८८२ साली प्राण्यांच्या बुद्धीवरील पुस्तकात ठिकठिकाणच्या लोकांनी कळवलेल्या हकिकती मोठ्या प्रमाणावर एकत्र केल्या. या हकिकतींवर विसंबण्यातला धोका ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील प्राध्यापक लॉइड मॉर्गन यांनी दाखवून दिला. त्यांचा टोनी नावाचा कुत्रा फाटकाची खिट्टी डोक्याने वर उचलून रस्त्यावर जाई. पाहणाऱ्याला वाटावे की त्याला खिट्टीची रचनाच उमगली आहे. प्रत्यक्षात गजांमधून डोके बाहेर काढता काढता ती एकदा योगायोगाने उचलली गेली होती, आणि पुढे कित्येक फेऱ्यांत निष्फळ हालचाली गळत जाऊन नेमकी तेवढी एक उरली होती. १८९४ साली मॉर्गन यांनी यावरून नियम घालून दिला की जी कृती साध्या मानसिक प्रक्रियेने समजावून सांगता येते तिच्यासाठी उच्च प्रतीची बुद्धी कल्पू नये. नियम शहाणपणाचा होता. पुढच्या पिढ्यांनी मात्र तो ताणला, आणि प्राण्याच्या मनाविषयी जपून बोलावे या सल्ल्याचे रूपांतर त्या मनाविषयी बोलूच नये या शिस्तीत झाले.

ही शिस्त विसाव्या शतकातील वर्तनविज्ञानाने अंगी बाणवली. १९३६ साली लंडनमध्ये प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाची संघटना निघाली, १९४९ साली निको टिनबर्गेन हॉलंडमधील लायडन सोडून ऑक्सफर्डला आले, आणि १९५० साली विल्यम थॉर्प यांनी केंब्रिजजवळ मॅडिंग्ली येथे पक्ष्यांच्या अभ्यासाचे क्षेत्रकेंद्र उभारले. टिनबर्गेन यांनी १९६३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात कोणत्याही वर्तनाविषयी चार प्रश्न विचारावेत असे मांडले: ते तत्काळ कशामुळे घडते, प्राण्याच्या वाढीच्या काळात ते कसे घडत जाते, जगण्यासाठी त्याचा उपयोग काय, आणि उत्क्रांतीत ते कोठून आले. चौकट इतकी भक्कम होती की आजही विद्यार्थ्याचा पहिला धडा तोच असतो, परंतु त्या चार प्रश्नांत प्राण्याला काय वाटते हा प्रश्न नाही, आणि तो नजरचुकीने राहिलेला नव्हता. प्राण्याच्या आत्मगत अनुभवाचे वस्तुनिष्ठ निरीक्षण शक्य नसल्याने त्याचे अस्तित्व ठासून सांगणे किंवा नाकारणे दोन्ही निरर्थक, अशी टिनबर्गेन यांची भूमिका होती. कार्ल फॉन फ्रिश आणि कोन्राड लॉरेन्झ यांच्यासह त्यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते शरीरक्रियाशास्त्र वा वैद्यक या शाखेचे. प्राणिवर्तनासाठी नोबेलात वेगळे खाते नव्हते.

विद्यापीठाच्या आवारात दयेला प्रवेश मिळवून देण्याचे काम त्याआधीच एका बाजूच्या दाराने सुरू झाले होते. मेजर चार्ल्स ह्यूम यांनी १९२६ साली लंडन विद्यापीठात प्राणिकल्याणाची संस्था काढली, जी १९३८ साली सर्व विद्यापीठांसाठी विस्तारून महासंघ झाली. प्राण्यांचे प्रश्न भावविवश आवाहनांऐवजी वैज्ञानिक माहितीच्या आधारे सोडवावेत हा ह्यूम यांचा आग्रह, आणि प्रयोगशाळांना शत्रू न मानता त्यांच्याशी बोलत राहणे ही त्यांची रीत. त्यामुळे दोन्हीकडचे कडवे लोक त्यांच्यावर नाराज असणार हे ओघानेच आले. या महासंघाने १९४७ साली प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या देखभालीवर मोठी मार्गदर्शिका काढली, आणि त्याच्याच पाठबळावर प्राणिशास्त्रज्ञ विल्यम रसेल व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रेक्स बर्च यांनी १९५९ साली तीन तत्त्वे मांडली: जेथे शक्य तेथे प्राण्याऐवजी पर्याय वापरावा, वापरावेच लागले तर कमीत कमी प्राणी वापरावेत, आणि जे वापरले जातील त्यांच्या यातना कमी होतील अशी पद्धत सुधारावी. पुस्तकाकडे तेव्हा फारसे लक्ष गेले नाही. आज जगभरच्या प्रयोगशाळांतील नीतिसमित्या याच तीन तत्त्वांवर चालतात.

तथापि हा विषय विद्यापीठात खऱ्या अर्थाने रुजला तो प्रयोगशाळेतल्या उंदरामुळे नव्हे. ते श्रेय अंडी घालणाऱ्या कोंबडीचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये अन्नोत्पादन वाढवण्याचे धोरण आले, जीवनसत्त्व ‘ड’ खाद्यातून देता येऊ लागल्याने कोंबड्यांना उन्हाची गरज उरली नव्हती, औषधांमुळे दाटीवाटीतले रोग आवरता येऊ लागले, आणि अंगणातले खुराडे जाऊन तेथे लोखंडी पिंजऱ्यांच्या मजल्यावर मजले चढवलेल्या शेडी आल्या. महाराष्ट्रातील कुक्कुटपालक ज्यांना गादी पद्धत आणि पिंजरा पद्धत म्हणतात त्यांतील ही दुसरी. तारेच्या उतरत्या तळावरून अंडे आपोआप पुढे घरंगळते, विष्ठा खाली पडते, मजूर कमी लागतात; कोंबडीला मात्र पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही, धुळीत लोळता येत नाही आणि अंडे घालण्यासाठी आडोसा शोधता येत नाही.

या बदलाची हकिकत सामान्य वाचकापर्यंत पोचवली रूथ हॅरिसन यांनी. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या आणि शेतकरीही नव्हत्या; वासरांना अंधाऱ्या अरुंद कोंडवाड्यांत ठेवून पांढरे मांस मिळवण्याच्या पद्धतीविषयीचे एक पत्रक त्यांच्या दारात येऊन पडले आणि त्या चौकशीला लागल्या, एवढेच. त्यांचे ‘ॲनिमल मशीन्स’ हे पुस्तक १९६४ साली निघाले, त्याला निसर्गलेखिका रेचेल कार्सन यांची प्रस्तावना होती. लोकक्षोभ एवढा झाला की सरकारने त्याच वर्षी बँगर येथील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक फ्रान्सिस रॉजर्स ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि मॅडिंग्लीचे थॉर्प हे तिचे सदस्य असल्याने वर्तनविज्ञान सरकारी कागदावर अधिकृतपणे आले.

डिसेंबर १९६५ मध्ये सादर झालेल्या ब्रॅम्बेल अहवालाचे मोल त्याच्या शिफारशींपेक्षा त्यातील एका व्याख्येत अधिक आहे. कल्याण या संज्ञेत शारीरिक आणि मानसिक दोन्ही स्वास्थ्य येते, आणि त्याची पारख करताना प्राण्याच्या रचनेवरून, शरीरक्रियांवरून व वर्तनावरून त्याच्या भावनांविषयी जो वैज्ञानिक पुरावा मिळतो तो विचारात घ्यावाच लागेल, असे समितीने म्हटले. ज्या शब्दाला वर्तनविज्ञानाने दाराबाहेर ठेवले होते तो ‘भावना’ हा शब्द सरकारी अहवालाने असा परत आणला. प्रत्येक प्राण्याला विनासायास वळता यावे, अंग साफ करता यावे, उठता यावे, आडवे होता यावे आणि हातपाय ताणता यावेत, ही किमान अपेक्षाही याच अहवालातली. पुढे प्रसिद्ध झालेली ‘पाच स्वातंत्र्ये’ ती हीच असे अनेक पुस्तकांत लिहिलेले आढळते, ते बरोबर नाही: भूक-तहान, गैरसोय, वेदना-इजा-रोग आणि भीती-ताण यांपासून मुक्तता व आपले स्वाभाविक वर्तन करण्याची मोकळीक, ही यादी १९७९ साली स्थापन झालेल्या शेतीप्राणी कल्याण परिषदेने आकाराला आणली आणि १९९० च्या दशकारंभी ब्रिस्टलचे प्राध्यापक जॉन वेबस्टर यांच्या हातून ती आजच्या रूपाला आली.

समितीने पिंजऱ्याच्या तळाविषयीही मत दिले होते. कोंबड्यांची जाळी म्हणून बाजारात मिळते तशी बारीक तारेची षट्कोनी जाळी पायांना रुतेल, म्हणून तिच्या जागी जाड तारेची जाळी वापरावी, असे समितीच्या सदस्यांना वाटले. कोणाही सहृदय माणसाला तसेच वाटले असते. १९७३ साली एडिंबरो येथील कुक्कुट संशोधन केंद्रातील ह्यूज आणि ब्लॅक यांनी हा प्रश्न कोंबड्यांपुढे ठेवला. पिंजऱ्यात निरनिराळ्या जाळ्यांचे तळ शेजारी शेजारी लावले आणि कोंबड्या कोणत्या तळावर किती वेळ उभ्या राहतात ते मोजले. कोंबड्यांनी निवडली ती समितीने नाकारलेली बारीक जाळी. कारण शोधू जाता असे दिसले की बारीक तारा जवळजवळ असल्याने पंजाला अधिक ठिकाणी आधार मिळतो, तर जाड तारांत तो आधार मोजक्या जागी एकवटतो.

प्रयोग लहान होता. पण पशुकल्याण या विषयाची जन्मकथा सांगायची तर ती येथून सांगावी लागते, कारण त्या बारीक जाळीने दोन्ही परंपरांना एकाच वेळी धडा दिला. दयेच्या परंपरेला कळले की माणसाने स्वतःला कोंबडीच्या जागी कल्पून काढलेला निष्कर्ष हा शेवटी माणसाच्याच तळपायाचा निष्कर्ष असतो, आणि सदिच्छा कितीही प्रामाणिक असली तरी तिची परीक्षा करावी लागते. वर्तनविज्ञानाला कळले की ज्या प्राण्याला मराठी माणूस ‘मुके जनावर’ म्हणतो तो साक्ष देऊ शकतो; फक्त त्याला समजेल अशा रीतीने, म्हणजे दोन दारे समोर ठेवून, प्रश्न विचारावा लागतो.

ही रीत शास्त्रशुद्ध केली ती ऑक्सफर्डच्या मेरियन स्टॅम्प डॉकिन्स यांनी. त्या टिनबर्गेन यांच्याच विद्यार्थिनी असल्याने गुरूने वर्ज्य मानलेल्या प्रश्नाकडे गुरूच्याच शिस्तीने जाण्याचा प्रयत्न त्यांच्या लेखनात सतत दिसतो. त्यांचा १९७७ सालचा निबंध कोंबड्यांना पिंजऱ्यात यातना होतात का असे सरळ विचारतो. पिंजरा आणि बाहेरची मोकळी जागा यांतून निवड करायला सांगितल्यावर मोकळ्यात वाढलेल्या कोंबड्या बाहेर गेल्या, यात नवल नव्हते. पिंजऱ्यात वाढलेल्यांनी मात्र आधी पिंजराच निवडला. येथे प्रयोग थांबला असता तर पोल्ट्रीमालकांना हवे ते प्रमाणपत्र मिळाले असते. बाहेरच्या जागेची थोडी ओळख होताच त्याही कोंबड्या बाहेर जाऊ लागल्या, आणि पहिली निवड आवडीची नसून सवयीची होती हे उघड झाले. नंतरच्या एका प्रयोगात पायाखाली उकरण्याजोगा भुसा मिळत असेल तर कोंबड्यांनी जागेचा संकोचही पत्करला, म्हणजे क्षेत्रफळावर चाललेल्या वादात त्यांनी तळाचा मुद्दा पुढे आणला.

आक्षेपही लगेच आले, आणि ते रास्त होते. दोन वाईटांतून एक निवडले म्हणजे ते चांगले ठरत नाही. शिवाय लहान मुलाप्रमाणे प्राणीही पुढे अपाय होईल अशी गोष्ट आज आवडीने निवडू शकतो. म्हणून निवडीपुढे किमतीचा प्रश्न आला. अर्थशास्त्रातील मागणीच्या सिद्धांताचा आधार घेऊन डॉकिन्स यांनी १९८३ साली कोंबड्यांना जणू आपापला भाव सांगायला लावले: हवी ती गोष्ट मिळवण्यासाठी प्राणी किती श्रम करतो, आणि श्रम वाढवत नेले तरी कोणत्या गोष्टीची मागणी घटत नाही, ते मोजायचे. या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण २००१ सालचे, ऑक्सफर्डमधील जॉर्जिया मेसन आणि सहकाऱ्यांचे. फरसाठी पाळल्या जाणाऱ्या मिंक या मुंगसासारख्या निमजलचर प्राण्याला खेळणी, बोगदा, जादा जागा, उंच फळी, पाण्याचा हौद अशा सोयी वजन लावलेल्या दारांआड ठेवण्यात आल्या. मिंकने सर्वाधिक वजन ढकलले ते हौदासाठी. हौद एक दिवस बंद ठेवल्यावर मूत्रातील कॉर्टिसोल या ताणदर्शक संप्रेरकाचे प्रमाण अन्न न मिळाल्यावर वाढते त्याच्याशी तुलना करता येईल इतके वाढले. मिंकच्या अनेक पिढ्या पिंजऱ्यात गेल्या, त्यांना पोहणे माहीतच नाही, हा व्यवसायाचा युक्तिवाद त्यानंतर टिकणे कठीण झाले.

एडिंबरो येथे चाललेले काम निराळ्या वळणाचे होते आणि थोडे दुर्लक्षितही राहिले. डेव्हिड वुड-गश यांनी कोंबड्यांच्या वर्तनावर दीर्घकाळ संशोधन केल्यानंतर १९७० च्या दशकाच्या अखेरीस अॅलेक्स स्टोल्बा यांच्यासह आधुनिक संकरित डुकरे एडिंबरोजवळच्या टेकडीवर झाडे, झुडपे, ओहोळ आणि चिखल असलेल्या कुंपणात सोडली. काँक्रीटच्या कोठ्यांत वाढलेल्या या डुकरांनी दिवसाचा मोठा भाग नाकाडाने जमीन उकरण्यात व चरण्यात घालवला, सर्वांनी मिळून झोपण्याचे बिछाने रचले, विष्ठेसाठी त्यांपासून दूरच्या जागा ठरवल्या. आणि विण्याची वेळ आली की डुकरीण कळप सोडून आडबाजूला जाई व गवत-काटक्या वाहून घरटे करी. घाणेरडेपणाचा शिक्का ज्या जनावरावर सर्व भाषांनी मारला त्याचे हे टापटिपीचे वागणे गमतीचे वाटेल, पण संशोधकांना त्यातून निघालेला निष्कर्ष गंभीर होता: अनेक पिढ्यांच्या पैदाशीने डुकराचे वजन आणि वाढ बदलली होती, त्याचे स्वभाववर्तन मात्र जवळजवळ अभंग होते, त्यामुळे जिच्यात वळताही येत नाही अशा लोखंडी चौकटीत विणारी डुकरीण घरटे बांधण्याची धडपड करतच राहते.

संस्थात्मक रूप यानंतर वेगाने आले. एडिंबरो येथे १९६६ साली पशुवैद्यकांनी वर्तनविज्ञानाची संस्था स्थापन केली होती, तीच १९९१ साली उपयोजित वर्तनविज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था झाली. केंब्रिज विद्यापीठाने १९८६ साली पशुकल्याणाचे जगातले पहिले अध्यासन निर्माण केले व त्यावर डोनाल्ड ब्रूम यांची नेमणूक झाली. प्राणी आपल्या परिस्थितीशी जुळवून घेण्याचा जो प्रयत्न करतो त्यातली त्याची अवस्था म्हणजे कल्याण, ही त्यांची त्याच वर्षीची व्याख्या अजून पाठ्यपुस्तकांत आहे. १९९० साली एडिंबरो विद्यापीठात उपयोजित प्राणिवर्तन आणि पशुकल्याण या जोडनावाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. त्या नावातील ‘आणि’ हा शब्द वरवर निरुपद्रवी दिसतो. वास्तविक तो पंचवीस वर्षांच्या वादाचा तह आहे.

तह झाला म्हणजे वाद मिटला असे नव्हे. कल्याण म्हणजे नेमके काय, या प्रश्नावर आजही विद्यार्थ्याला तीन उत्तरे शिकवली जातात: प्राण्याचे शरीर नीट चालणे, त्याला बरे वाटणे, आणि त्याला आपल्या प्रकृतीप्रमाणे जगता येणे. तिन्ही एकमेकांत मिसळलेली असली तरी ती एक नाहीत, कारण भरपूर अंडी देणारी निरोगी कोंबडी हताश असू शकते आणि मोकाट फिरणारी कोल्ह्याच्या तोंडी जाऊ शकते. ‘बरे वाटणे’ मोजण्याचा एक चतुर मार्ग ब्रिस्टलच्या मायकेल मेंडल यांच्या गटाने २००४ साली दाखवला: एका स्वरानंतर खाद्य मिळते आणि दुसऱ्यानंतर अप्रिय आवाज होतो असे शिकवलेल्या उंदरांना मधला, संदिग्ध स्वर ऐकवला असता, ज्यांचे राहणीमान अनिश्चित ठेवले होते त्यांनी त्या स्वराकडून चांगल्याची अपेक्षा कमी धरली. माणसांतील निराशावादाची ही उंदरातली आवृत्ती. खुद्द डॉकिन्स मात्र २०१२ सालच्या पुस्तकात अधिक सावध झालेल्या दिसतात. प्राण्याला जाणीव आहे हे सिद्ध झाल्यासारखे बोलणे घाईचे आहे, आणि तो निरोगी आहे का व त्याला हवे ते मिळते आहे का या दोन प्रश्नांवर कल्याणाचे शास्त्र उभे करता येते, असे त्या म्हणतात. मॉर्गन यांची सावली अशी शंभर वर्षांनंतरही पडलेली आहे.

कायद्याने मात्र तत्त्वज्ञानाच्या निकालाची वाट पाहिली नाही. ब्रिटनने १९९९ साली गाभण डुकरिणींच्या अरुंद चौकटींवर बंदी आणली, युरोपीय संघाने त्याच वर्षी साध्या बॅटरी पिंजऱ्यांवरील बंदीचा निर्णय घेऊन ती २०१२ पासून लागू केली, आणि ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्याने संवेदनक्षम प्राण्यांच्या यादीत खेकडे, शेवंडी आणि ऑक्टोपसही घेतले.

ब्रॅम्बेलच्या कोंबडीपासून निघालेली ही विचाराची वाट महाराष्ट्रापर्यंतही येऊन पोचली आहे, आणि ती कोणत्याही अभ्यासक्रमामार्फत न येता न्यायालयामार्फत आली. जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींविषयी ७ मे २०१४ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या भारतीय कायद्याचा अर्थ लावताना पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला, बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही या मुद्द्याबरोबरच भेदरलेला बैल पळ काढतो या वर्तनाचीही दखल घेतली, आणि तमिळनाडूसह महाराष्ट्रातल्या शर्यतीही बंद केल्या. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींसह परवानगी दिल्यावर पुणे जिल्ह्यातील घाटांत, म्हणजे धावपट्ट्यांवर, शर्यती पुन्हा सुरू झाल्या, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. मधल्या काळात बैल हा धावणारा प्राणी आहे की नाही यावर दोन्ही बाजूंनी बरेच लिहिले-बोलले गेले; घाटाच्या तोंडाशी वळायला मोकळीक असलेला बैल आपण होऊन कोणीकडे जाईल, हा एडिंबरोच्या कोंबड्यांना विचारला गेलेला प्रश्न त्याहून वेगळा आहे.